दारावरचं नाव

आमच्या समोरच्या काकूंइतकी हट्टी बाई अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात नाही, आणि हे मी बार्शी, वैराग, मैंदर्गी सगळं धरून बोलतोय. मैंदर्गी तर त्यांचं माहेरच. त्यामुळे तिथले लोक या वाक्याबद्दल तक्रार करणार नाहीत, उलट माना डोलावतील. बाळीवेशीतल्या आमच्या बोळात त्यांचं घर आणि आमचं घर समोरासमोर आहे. मधली जागा इतकी कमी की त्यांच्याकडे फोडणी पडली की शिंक आमच्याकडे येते. भर दुपारी सगळा बोळ जेवून आडवा झाला की काकू उखळात शेंगाचटणी कुटायला बसतात. घरात मिक्सर आहे, सुनेनं आणलेला, पण काकूंनी त्याला क्रोशाचं झाकण विणून घातलंय आणि दसऱ्याला त्याची पूजा करतात, एवढाच त्याचा वापर. एकदा माझ्या बायकोनं धीर करून सांगितलं, की काकू, दुपारची झोप होत नाही हो. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं, आत गेल्या आणि वाटीभर चटणी आणून तिच्या हातात ठेवली. "झोप काय, रातच्याला बी येती. ही आत्ता ताजी हाय," म्हणाल्या. त्या दिवसापासून आमच्या घरातून कुणी तक्रार केलेली नाही.

काकूंचे यजमान, म्हणजे आमचे काका, मंगळवार पेठेत गुळाचे व्यापारी. माणूसही ढेपेसारखाच, दिसायला टणक आणि जरा ऊब मिळाली की विरघळणारा. त्यांचं नाव षडक्षरी. 'ॐ नमः शिवाय' या सहा अक्षरांच्या मंत्रावरून त्यांच्या आजोबांनी ते ठेवलं होतं, आणि ठेवताना पुढे ते कुणाला तरी लिहावं लागेल याचा विचार केला नव्हता. मी एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून आहे. अवघड नावांशी माझी रोजची झटापट, पण हे नाव मीसुद्धा पहिल्यांदा अंधारात जिना उतरावा तसं चाचपत उच्चारलं होतं. लाइट बिलावर ते एक होतं, रेशन कार्डावर दुसरं, आणि पेठेतल्या हमालांनी तर नाद सोडून नुसतं 'शेट' केलं होतं. काकांची कशालाच हरकत नसे. घराच्या दारावर मात्र त्यांनी सागवानी पाटी लावून घेतली होती, तिच्यावर पितळी अक्षरांत नाव बिनचूक होतं. काकू दर सोमवारी ती अक्षरं चिंचेनं घासून लख्ख करायच्या. घासायच्या, पण वाचायच्या नाहीत, कारण काकूंनी आपल्या नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नाही.

आता नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या बायका त्या पिढीत ढिगानं सापडतील. पण त्यांच्या नियमाला सवलती असतात. बँकेत घेतात, दवाखान्यात घेतात, हळदीकुंकवाला कुणी आग्रह केला की लाजत लाजत उखाण्यात घेतात. काकूंच्या नियमाला सवलत नव्हती. काकांना एकदा छातीत दुखायला लागलं म्हणून आम्ही त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. खिडकीतल्या मुलीनं विचारलं, "पेशंटचं नाव?" काकू म्हणाल्या, "ते काय, खुर्चीत बसल्यात." मुलगी म्हणाली, "आजी, नाव सांगा." काकू म्हणाल्या, "दारावर पाटी हाय की आमच्या." मागे रांग लागलेली, काका छातीवर हात ठेवून बसलेले, आणि काकू खिडकीचा गज घट्ट धरून उभ्या. जीव टांगणीला लागलेला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता, पण ओठ हलत नव्हते. मी रिक्षावाल्याला वाटेला लावून धावत आलो तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "तम्मा, सांग की रे हिला." तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. त्या दिवसापासून काकूंच्या वतीनं काकांचं नाव घेण्याचं खातं माझ्याकडे आलं. बँकेत, गॅसच्या ऑफिसात, वीज मंडळात काकू मला सोबत न्यायच्या, आणि वेळ आली की कोपरानं ढोसायच्या. मी नाव घ्यायचो.

काकांना याची फार मजा वाटे. दुपारी दुकानातून आले की ते बाहेरच्या कट्ट्यावर टेकायचे. खालच्या गल्लीतले एक म्हातारे टेलर, त्यांचे बालमित्र, तेही तिथं येऊन बसायचे. काका मला म्हणायचे, "लग्नात घेतलंवतं बरं का तिनं माजं नाव. ओडपु म्हनून." मैंदर्गीकडे उखाण्याला ओडपु म्हणतात. "पर नेमका बँड सुरू झाला आन मला काय ऐकू आलं न्हाय. तवापासून वाट बगायलोय. परत घे म्हनलं की म्हनती, एकदा घेतलं की, आता काय त्याचं." असं म्हणून ते पोट हलवत हसायचे. तेवढ्यात आतून हाक यायची, "अहो, ताट वाढलंय, चला की." ही हाक रोज एकाच वेळेला, एकाच चालीत यायची. ती आली की माझी बायकोसुद्धा आमची पानं घ्यायची. आमच्या घरात भिंतीवर घड्याळ आहे, पण सुट्टीच्या दिवशी जेवण मात्र समोरच्या 'अहो'वर चालायचं.

मग एका हिवाळ्यात, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेच्या आसपास, काका गेले. फार त्रास झाला नाही, झोपेतच गेले. दुकान मुलानं, बसूनं, आवरतं घेतलं. त्याची एमआयडीसीत नोकरी होती. काकू दर सोमवारी पाटी घासत राहिल्या, चटणी कुटत राहिल्या, भाजीवाल्याची गवार मोडून बघून परत टाकत राहिल्या. हट्ट तसूभर कमी झाला नाही. पण दुपारची हाक बंद झाली, आणि मला सांगायला लाज वाटत नाही, पहिले काही महिने त्या वेळेला माझी मान आपोआप समोरच्या दाराकडे वळायची. आमच्या जेवणाला मग ठरलेली वेळच उरली नाही.

काकूंच्या हट्टाची खरी लढाई झाली ती नातवाच्या नावावरून. बसूची बायको सुप्रिया बार्शीची, एका शाळेत कॉम्प्युटर शिकवते. समजूतदार मुलगी, पण बार्शीचं पाणी, तीही काही कमी नाही. बार्शीला तिला मुलगा झाला. तिनं आणि तिच्या थोरल्या बहिणीनं मिळून नाव आधीच ठरवून ठेवलं होतं, कियान. छान, छोटं, लिहायला सोपं, परदेशात गेला तरी कुणी अडखळणार नाही. काकू बाळाला बघायला गेल्या, त्याला मांडीवर घेतलं, त्याच्या कानाची पाळी, भुवई, अंगठा सगळं तपासलं आणि जाहीर केलं, "आजाच हाय ह्यो. दारावरचं नाव ठेवायचं." सुप्रियानं विचारलं, "दारावरचं म्हणजे बाबांचं?" काकूंनी नुसती मान हलवली. तिथून सव्वा महिना दोन घरांत जे काही चाललं त्याला मी चर्चा म्हणणार नाही. बसू सकाळी आईचं ऐकून घेऊन कामावर जायचा आणि संध्याकाळी फोनवर बायकोचं ऐकून घ्यायचा. त्या काळात तो माझ्याशी बोलायचा तेव्हा आधी इकडेतिकडे बघून घ्यायचा.

सुप्रियाचं म्हणणं बिनतोड होतं. शाळेत पोरं चिडवतील, बाईंना लिहिता येणार नाही, प्रत्येक कागदावर वेगळं नाव पडेल आणि पोराचा जन्म दुरुस्त्या करण्यात जाईल. शिवाय मंत्र सहा अक्षरांचा आणि नाव चारच अक्षरांचं, हा मुद्दाही तिनं मांडला. त्यावर काकू म्हणाल्या, "लिवायचं काम सरकारचं. आपलं काम हाक मारायचं. हाक पोचली म्हंजे झालं." आणि हाक पोचते का, हे ठरवायची त्यांची पद्धतही ठरलेली होती. गच्चीवरून हाक मारली तर खालच्या गल्लीच्या टोकाला ऐकू गेली पाहिजे, ते नाव पक्कं. मला गल्लीच्या टोकाला उभं केलं आणि स्वतः कठड्याला धरून हाक दिली, "कियाऽन". एका मांजरानं वर बघितलं, बाकी कुणी नाही. मी वर येऊन प्रामाणिकपणे तसं सांगितलं. मग काकू म्हणाल्या, "आता दुसरं मार." मी म्हटलं, "मी?" म्हणाल्या, "मग काय मी मारू व्हय?" तेव्हा मी कठड्याशी उभा राहिलो आणि पोटातून ओरडलो, "षडक्षरीऽ." खालच्या गल्लीत ते म्हातारे टेलर दुकानाच्या पायरीवर बसून काज करत होते. त्यांच्या हातातला कपडा खाली पडला. ते उठून उभे राहिले आणि काकूंच्या गच्चीकडे बघत राहिले, बराच वेळ. काकूंनीही ते पाहिलं. मग पदर तोंडाला लावून त्या जिना उतरून गेल्या. आमची परीक्षा तिथंच संपली.

शेवटी सुप्रियाच्या वडिलांनी तोडगा काढला. आपल्याकडे आत्या बाळाच्या कानात 'कुर्र' करते आणि नाव सांगते, कुर्रनंतर कानात पहिलं जे पडेल तेच नाव. तेव्हा वाद पुरे. बारसं सोलापूरला, आजोबांच्या घरात करायचं. बाळाची आत्या, म्हणजे काकूंची लेक, विजापुरात दिलेली, ती येऊन सांगेल ते नाव आम्हाला मान्य. ती नाही पोचली तर घरातल्या बाईनं सांगावं. पण मुहूर्त टळू द्यायचा नाही. वेळेत नाव पडत नाही असं दिसलं तर मुलाची मावशी सांगेल आणि तेही सगळ्यांनी मानायचं. काकूंनी लगेच होकार दिला. लेक त्यांच्या मुठीतली, ती 'दारावरचंच' सांगणार यात शंका नव्हती, आणि लेक नसली तरी घरात बाई म्हणजे स्वतः काकूच. मावशीपर्यंत गोष्ट जाण्याचा सवालच नव्हता. सगळे खूश होऊन उठले. त्या कराराला एक भोक होतं, हे तिथं बसलेल्या कुणाच्या, माझ्यासुद्धा, लक्षात आलं नाही.

बारसं रविवारी दुपारी ठरलं. बारशाला बोलावलेल्या मठाच्या स्वामींनी बजावून ठेवलं होतं की साडेचारला राहुकाळ लागतो, त्याच्या आत नाव पडलं पाहिजे. बाहेरच्या खोलीत तुळईला पाळणा टांगलेला, त्याला शेवंतीच्या माळा, घुगऱ्यांची पातेली, बार्शीची माणसं भिंतीला टेकून, आमच्या बोळातल्या बायका पुढे. बाळ नुकतंच दूध पिऊन डोळे उघडे ठेवून पडलेलं. विजापूरच्या लेकीचा मात्र पत्ता नव्हता. चारच्या सुमारास माझा फोन वाजला, तिचाच. गाडी भीमेच्या पुलाच्या अलीकडे बंद पडली होती, दुसरी गाडी यायलीय म्हणे, पण कधी ते कंडक्टरलाच ठाऊक नव्हतं. ही बातमी मी हळूच बसूच्या कानात सांगितली. तो पांढरा पडला. खोलीत मात्र ती आपोआप पसरली, आणि बार्शीच्या मावशीनं नेसत्या साडीच्या निऱ्या नीट केल्या.

कुणीतरी म्हणालं, फोनवरूनच करू दे की कुर्र, आजकाल सगळं फोनवरच होतं. बसूला ते पटलं. फोनचा आवाज मोठा करून त्यानं तो पाळण्यात बाळाच्या कानापाशी धरला. तिकडून लेकीचा आवाज आला, "हॅलो? हॅलो, ऐकू यायलंय का? ओ दादा, जरा गाणी बंद करा की." काकूंनी झडप घालून फोन उचलला. "पोराचं नाव हॅलो पडलं असतं," त्या म्हणाल्या, आणि घाबऱ्याघुबऱ्या होऊन स्वामींकडे बघितलं. स्वामींनी विचार करून निकाल दिला, की कुर्र झालेलं नव्हतं, तेव्हा हॅलो धरायचं कारण नाही. सगळ्यांनी श्वास सोडला. बायका हसल्या. भिंतीवरचं घड्याळ मात्र पुढे सरकत होतं, आणि सुप्रियाचे वडील सौम्यपणे म्हणाले, "विहीणबाई, मग आता तुमीच सांगा. ठरलंय तसं."

काकू पदर खोचून पुढे झाल्या. बायका मागे सरसावल्या, कारण कुर्र करणाऱ्या बाईच्या पाठीत धपाटे घालायचा मान त्यांचा. काकूंनी पाळण्याची दोरी धरली, वाकल्या, बाळाच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणाल्या, "कुर्रऽ". मग काही नाही. आम्ही वाट बघत राहिलो. त्या वाकलेल्याच होत्या. पुन्हा म्हणाल्या, "कुर्रऽ". पुन्हा काही नाही. मला वाटलं त्यांच्या कमरेत भरलं. पण त्या सरळ उभ्या राहिल्या तेव्हा त्यांचा चेहरा दिसला, आणि दवाखान्याच्या खिडकीतला तोच चेहरा आहे हे मी ओळखलं. त्या क्षणी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सव्वा महिना या बाईनं सगळ्यांशी झुंजून जे नाव मिळवलं होतं, ते तिनं त्या सगळ्या काळात एकदाही उच्चारलं नव्हतं. 'दारावरचं' म्हणाली होती, 'ते' म्हणाली होती, पाटीकडे हनुवटी केली होती, मला ओरडायला लावलं होतं. नातवाचं नाव घ्यायचं म्हणजे नवऱ्याचं नाव घ्यायचं, हे तिच्याही मनात आत्ता, पाळण्यावर वाकल्यावर आलं होतं.

खोलीत कुजबुज सुरू झाली. काकूंनी आजूबाजूला बघितलं आणि त्यांची नजर माझ्यावर येऊन थांबली. सवयीनं त्यांचं कोपर हललं. "तम्मा," त्या म्हणाल्या, "तू सांग की." माझंही तोंड सवयीनं उघडलं. पण बार्शीची मावशी म्हणाली, "अवो, परका पुरुष कुर्र करतोय व्हय कुटं? आमाला तरी न्हाय म्हाईत." स्वामींनीही मान हलवली. कुर्र तर झालेलं, आता पहिला शब्द पडेल तो खरा, म्हणून मी दोन्ही ओठ दाबून धरले आणि बाळापासून दोन पावलं मागे सरलो. खोलीतलं बाकीचंही कुणी पाळण्याच्या दिशेला तोंड करून बोलेना. घड्याळात चार वाजून वीस मिनिटं व्हायला आली होती. मावशी पुढे झाली. तिच्या आवाजात वाईटपणा नव्हता. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या ओ काकू. नसंल जमत तर मी सांगते. नाव काय, पोराला चांगलं असलं म्हंजे झालं."

काकूंनी पाळण्याची दोरी सोडली नाही. पण सरकल्या त्या, थोड्याशा बाजूला. मी त्यांना इतकी वर्षं बघतोय, कुणाला वाट देताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं, आणि मला ते बघवलं नाही. चटणी कुटणारे, पितळ घासणारे ते हात दोरीला पीळ घालत होते, आणि शेवंतीच्या माळा हलत होत्या.

तेवढ्यात सुप्रिया उठली. ती बाळाची आई, पाटावर बसलेली. तिनं गप्प राहायचं, बस, एवढंच करायचं होतं. आणखी दहा मिनिटं गप्प राहिली असती तर कियान तिच्या पदरात पडला होता. ती सासूजवळ गेली, दोरीवरच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "आई, उखाण्यात घ्या."

काकूंनी तिच्याकडे असं बघितलं की जणू तिनं कानडीत काही विचारलंय आणि काकू कानडी विसरल्यात. मग त्या हळू म्हणाल्या, "मला कोन इचारतंय गं आता उखाना? ते गेल्यापासून कुनी म्हनलं न्हाय मला, नाव घ्या म्हनून. हळदीकुकवाला मी हितं दारात उबी असते, सगळ्यांस्नी म्हनत्यात, मला न्हाय." बार्शीची मावशी काहीतरी बोलायला गेली, विधवा बाईनं, शुभ कार्यात, असं काहीतरी. तिचं वाक्य पुरं झालं नाही, कारण स्वामी पाटावरून म्हणाले, "घ्या ओ अक्का. शंकराचं नाव हाय ते. त्याला कुनाची आडकाटी?" आणि सुप्रिया पुन्हा म्हणाली, "घ्या की आई. मी म्हणतेय ना."

काकूंनी डोक्यावरून पदर घेतला. कपाळावरची विभूती घामानं ओली झाली होती, ती तशीच ठेवून त्या पाळण्यावर वाकल्या. आम्हाला वाटलं कानात सांगतील, कुणाला ऐकू येणार नाही. पण त्यांना हळू बोलायची सवय कुठं होती? पुन्हा कुर्र केलं, आणि मग गच्चीवरून हाक मारायच्या आवाजात, घसा साफ न करता, त्या म्हणाल्या,

"बारीक दळली ज्वारी, कडक झाली भाकरी,
कोन म्हनतं गेले ओ, पाळण्यात हायत षडक्षरी."

स्वामी बारीक आवाजात म्हणाले, की कुर्रनंतर पहिला शब्द तसा 'बारीक' पडलाय, पण हे आपण धरायचं नाही. कुणी हसलं नाही. बायका पाठीत धपाटे घालायला विसरल्या. बसू दाराकडे तोंड करून उभा राहिला, पाटीखाली. बाळ मात्र त्या मोठ्या आवाजानं दचकलं नाही, रडलं नाही, आजीकडे टक लावून बघत राहिलं. काका असते तर त्यांना या वेळी ऐकू गेलं असतं, बँड नव्हता. हे मी मोठ्यानं बोललो नाही, पण माझ्या बायकोनं माझा हात धरला, म्हणजे तिच्याही मनात तेच आलं असावं.

राहुकाळ लागून गेल्यावर विजापूरची लेक धुळीनं माखून दारात आली. झालेलं ऐकून ती भयंकर चिडली. आत्या मी, मान माझा, आणि कुर्र आईनं केलं? तिची समजूत कशी घालावी हे कुणाला कळेना. शेवटी कुणाला तरी आठवलं की धपाटे राहिलेत. ते सगळे घालायचा मान तिला एकटीला देऊन टाकला, आणि तिनं ते आईच्या पाठीत मनापासून घातले. मग दोघी गळ्यात गळा घालून रडल्या आणि घुगऱ्या खायला बसल्या.

आता पोरगं दुडुदुडु चालतं. सुप्रियानं अवघड नावातून आपल्यापुरती वाट काढलीय, ती त्याला अक्षू म्हणते. जन्माच्या दाखल्यावर नाव चुकीचं आलं होतं, ते मीच खेटे घालून दुरुस्त करून आणलं, कारण काकूंचं ते खातं अजून माझ्याकडेच आहे. काकू त्याला नावानं हाक मारत नाहीत. मी एकदा म्हटलं, "काकू, आता तर सगळ्यांदेखत नाव घेतलंत. मग नातवाला मारा की नावानं हाक." त्यांनी गवारीची शेंग मोडता मोडता माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "एकदा घेतलं की. आता काय त्याचं." पोरगं त्या वेळी कट्ट्यावर चढायचा प्रयत्न करत होतं. त्याचा एक पाय वर आणि एक खाली होता, आणि खालच्या गल्लीतले म्हातारे टेलर त्याला हात द्यायला म्हणून बाजूलाच बसले होते.

मी घरात आलो. रविवार होता, आमचं जेवण कधी होईल काही ठरलेलं नव्हतं. बायको भाजी ढवळत होती. तेवढ्यात समोरून आवाज आला, तोच, त्याच वेळेला, त्याच चालीत, "अहो, ताट वाढलंय, चला की." बायकोचा हात थांबला. बाहेरून एक बारीकसा, बोबडा "ओ" आला, आणि मग पायांचा पट पट आवाज घरात गेला. बायकोनं डोळे पुसले, भाजी उतरवली आणि आमची पानं घेतली.